फाटकाची किल्ली

पवित्र कुटुंबाचा सण
शुभवर्तमान : लूक २:४१-५२



नाताळचा सण नुकताच आपण आनंदाने साजरा केला. घरोघरी गोठे सजले आहेत, अंगणात तारे लागले आहेत, मुलांना शाळेची सुट्टी आहे. अशा दिवसांत आज आपण नाझरेथच्या पवित्र कुटुंबाचा सण साजरा करीत आहोत आणि शुभवर्तमानात ऐकतो आहोत ते एका हरवलेल्या मुलाविषयी.

येशू बारा वर्षांचा आहे. वल्हांडण सणासाठी तो आईवडिलांबरोबर जेरुसलेमला गेला आहे. सण आटोपला, मंडळी परतीच्या वाटेला लागली. पण येशू मागेच राहिला आणि मरिया व योसेफ यांना त्याचा पत्ताच नाही. ती दोघे एक दिवसाची वाट चालून गेली, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आले की मुलगा बरोबर नाही.

दरवर्षी हे वाचन झाले की कोणी ना कोणी मला विचारते, "फादर, हे कसले आईबाप? दिवसभर मूल दिसले नाही, तरी यांना काळजी नाही?" आजच्या आईला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. शाळेची व्हॅन दहा मिनिटे उशिरा आली तरी आपले फोन सुरू होतात.

पण संत लूकने याचे कारण दिलेले आहे. तो सोबतच्या मंडळींत असेल, असे त्यांना वाटले. त्या काळी सणाला जाणारे यात्रेकरू गावेच्या गावे मिळून जात. नाझरेथहून जेरुसलेम म्हणजे तीन-चार दिवसांची पायपीट. वाटेत नातेवाईक, शेजारी, ओळखीचे असा सगळा गोतावळा. त्यात एखादे मूल सकाळी मावशीबरोबर चालेल, दुपारी शेजाऱ्याच्या मुलांत खेळेल, रात्री आईजवळ झोपायला येईल. मरिया आणि योसेफ निष्काळजी नव्हते. त्यांचा आपल्या माणसांवर विश्वास होता. आपले मूल आपल्या एकट्याचे नाही, या सर्वांचे आहे, असे त्यांनी धरलेले होते.

हे वाचताना मला माझे लहानपण आठवते. तुमच्यापैकी जे आज पन्नाशी-साठी ओलांडलेले आहेत, त्यांनाही ते आठवेल.

हेच दिवस असत. भाताची कापणी होऊन शेते मोकळी झालेली. शाळेतून आले की दप्तर ओटीवर टाकायचे, चार घास खायचे आणि बाहेर पडायचे. माडाच्या झावळीच्या देठापासून केलेली बॅट, चिंध्यांचा चेंडू, स्टंपाच्या जागी तीन काठ्या. फुटक्या कौलांच्या तुकड्यांची लगोरी. विटीदांडू, गोट्या, भोवरा, आबाधुबी. सायकलचा जुना टायर काठीने पळवत गावभर फिरायचे. मुली अंगणात सागरगोटे, ठिकऱ्या, लंगडी खेळायच्या. बोरे पिकली की कोणाच्या बांधावरचे झाड गोड आहे, हे आम्हाला मालकापेक्षा जास्त ठाऊक असायचे. नाताळ जवळ आला की गोठ्यासाठी गवत, वाळू, शेवाळ गोळा करायला आम्ही दहा-बारा पोरे एकत्र जायचो आणि एकतीस डिसेंबरला जाळायच्या म्हाताऱ्यासाठी घरोघरी जाऊन फाटके कपडे मागायचो. घड्याळ कोणाकडेच नव्हते. संध्याकाळी चर्चची आंजेलसची घंटा झाली की खेळ थांबायचा. पाय धुऊन घरच्या वेदीपुढे रोझरीला गुडघे टेकायचे. घंटा झाल्यावर जो उशिरा येई, त्याला आधी मार आणि मग पेज.

त्या काळाला आपण 'स्वातंत्र्याचे दिवस' म्हणतो. ते स्वातंत्र्य आम्हाला कशामुळे मिळाले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले.

मी आठ वर्षांचा असेन. मोठ्या मुलांच्या मागे मी समुद्रावर गेलो. ती पुढे निघून गेली आणि मी सुरूच्या झाडांत वाट चुकलो. रडत चाललो होतो, तेवढ्यात डोक्यावर रिकामी टोपली घेतलेली एक कोळीण भेटली. तिने विचारले, "कुणाचा रे पोरा तू?" मी बापाचे नाव सांगितले. तिला ते माहीत नव्हते. मी आजीचे नाव सांगितले. तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "चल." दर आठवड्याला आमच्या ओटीवर टोपली उतरवून ती आजीशी भावावरून भांडत असे. मला घरी पोचवायला ती वाट वाकडी करून आली. आजीने तिला पाणी दिले, गूळ दिला आणि मला चांगला चोप दिला.

आम्ही मोकळे फिरायचो ते कोणीच बघत नव्हते म्हणून नव्हे. ओटीवर वाल सोलत बसलेली म्हातारी बघत होती. ताडीवाला झाडावरून बघत होता. वाडीत पाणी लावणारा, दुकानदार, टोपली घेऊन जाणारी कोळीण हे सारे बघत होते. यांतल्या कोणालाही आमचा कान धरण्याचा अधिकार होता आणि त्याबद्दल घरून तक्रार येत नसे. आईवडील निर्धास्त होते, कारण मूल 'सोबतच्या मंडळींत' होते.

बंधुभगिनींनो, जुन्या दिवसांची आठवण गोड असते. म्हणूनच ती सांगताना प्रामाणिक राहिले पाहिजे. ते दिवस सर्वांसाठी सारखे चांगले नव्हते. आपल्या गावांतल्या बावखलांत पोहायला शिकलेले आपण कौतुकाने सांगतो. पण त्याच पाण्यात बुडून गेलेली मुलेही आपल्या आठवणीत आहेत. मुलगे घंटेपर्यंत खेळत. त्यांच्या बहिणी मात्र दहाव्या-बाराव्या वर्षापासून पाणी भरीत, धाकटी भावंडे सांभाळीत. आमच्या शेतावर मजुरीला येणाऱ्या आदिवासी कुटुंबांची मुले बांधावर उभी राहून आमचा खेळ बघत. आम्ही त्यांना खेळात कधी घेतले नाही. चेंडू काट्यांत गेला की तो आणायला मात्र त्यांना पाठवले. आज मिस्साबलिदानाच्या वेळी पश्चात्तापाची प्रार्थना म्हणताना मला ती मुले आठवतात.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही मुलांना ज्या मोठ्या माणसांवर विश्वास ठेवायला शिकवले होते, त्यांनीच इजा केली आणि ते सांगण्याची सोय त्या मुलांना नव्हती. हे पाप आपल्या चर्चमध्येही झाले. जगभर त्याची कबुली द्यावी लागली. २०१२ साली आपल्या देशात मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध पॉक्सो कायदा झाला आणि २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी चर्चसाठी अशा तक्रारींबाबत कडक नियम घालून दिले. आजची आई घाबरते ती उगीच नव्हे. तेव्हा 'आमच्या वेळी असे नव्हते' असे म्हणून तिला हिणवू नये.

आता आजच्या परिस्थितीकडे पाहू या. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपली वसई किती बदलली ते मी सांगायला नको. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, किती तरी बावखले बुजली, बैलगाडीच्या वाटेवरून डंपर धावू लागले. उरलेल्या जागांना कुंपणे पडली. मुलांचा दिवस शाळा, क्लास आणि गृहपाठ यांतच संपतो. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलवर आली. शाळा पुन्हा उघडल्या, पण मोबाईल काही मुलांच्या हातातून सुटला नाही. आपण मुलांना दोष देतो. म्हणतो, यांना खेळायला नको, यांना मोबाईलच हवा. मीही व्यासपीठावरून तसे अनेकदा बोललो आहे.

आता मला माझी एक चूक तुमच्यासमोर सांगायची आहे.

दीड वर्षापूर्वी मी चर्चच्या पटांगणाच्या फाटकाला कुलूप लावले. कारणे होती. मुलांच्या चेंडूने ग्रोटोची काच फुटली होती. संध्याकाळच्या जपमाळेच्या वेळी आरडाओरडा होतो, अशी काहींची तक्रार होती. रविवारी गाड्या लावायला जागा अपुरी पडत होती, म्हणून अर्ध्या पटांगणावर पेव्हर ब्लॉकही बसवले. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात राहिली. पटांगण स्वच्छ राहू लागले, शांत राहू लागले. मला समाधान वाटले.

गेल्या महिन्यात मी एका घरी आशीर्वादाला गेलो होतो. नऊ-दहा वर्षांचा मुलगा कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसला होता. प्रार्थना सुरू झाली तरी त्याने मान वर केली नाही. प्रार्थना संपल्यावर मी त्याला चार शब्द सुनावले आणि त्याच्या आईलाही म्हटले, "याला बाहेर खेळायला पाठवत जा." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग चहाचा कप माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "फादर, राग मानू नका, पण पाठवू कुठे? रस्त्यावर गाड्या आहेत. बिल्डिंगच्या आवारात खेळू नये अशी पाटी आहे. पटांगणाला तर तुम्हीच कुलूप लावलंय."

मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री मी खण उघडून ती किल्ली बाहेर काढून ठेवली.

मला प्रभू येशू आठवला. लहान मुलांना त्याच्याजवळ आणले तेव्हा त्यांना अडवले ते परक्यांनी नव्हे, शिष्यांनीच. गुरूंना त्रास होऊ नये हाच त्यांचा हेतू होता. हेतू चांगला होता, तरी येशू त्यांच्यावर रागावला, असे संत मार्क लिहितो (मार्क १०:१३-१६). शिष्य मुलांना फाटकावर अडवतात, हे तेव्हापासून चालत आलेले आहे.

येशूने मुलांना खेळताना निरखून पाहिले होते. बाजारात बसलेली मुले एकमेकांना हाका मारतात. कोणी पावा वाजवला तरी दुसरे नाचत नाहीत, कोणी रडण्याचा खेळ काढला तरी दुसरे रडत नाहीत (मत्तय ११:१६-१७). लग्न-लग्न आणि मयत-मयत खेळणारी ही मुले आपल्याच गल्लीतली वाटतात. रुसून 'आम्ही नाही खेळत' म्हणणारी मुले ज्याने जवळून पाहिली आहेत, त्यालाच असा दाखला सुचतो. नाझरेथच्या कोणत्या तरी अंगणात तो स्वतःही असा खेळला असेल, असे मला वाटते.

डॉन बॉस्को हे नाव आपल्याला परिचित आहे. १८४१ सालापासून ते इटलीतील तुरीन शहरात गरीब, कामकरी मुलांना रविवारी एकत्र जमवू लागले. प्रार्थना, धर्मशिक्षण आणि भरपूर खेळ असा त्यांचा कार्यक्रम असे. पण मुलांचा गोंगाट कोणाला सहन होईना. त्यांना एका जागेवरून दुसऱ्या जागी जावे लागले. गिरणीजवळ जमले तर शेजाऱ्यांनी तक्रार केली. एक कुरण भाड्याने घेतले तर गवत मुळापर्यंत तुडवले म्हणून मालकांनी जागा सोडायला सांगितली. शेवटी १८४६ सालच्या पुनरुत्थान रविवारी त्यांना वाल्दोक्को भागात एक साधी शेड मिळाली, भोवती मोकळी जागा मिळाली आणि तिथून पुढचे सगळे कार्य उभे राहिले. मुलांसाठी घर, शाळा आणि चर्च जितके महत्त्वाचे, तितकेच खेळाचे पटांगण महत्त्वाचे, असे ते मानीत. त्या पटांगणात ते स्वतः मुलांत असत आणि आपल्या सहकाऱ्यांनाही तिथेच पाठवीत. मुलांमध्ये वावरणे, त्यांच्या ओळखीचे होणे आणि त्या ओळखीतूनच त्यांना वाईटापासून जपणे, ही त्यांची पद्धत होती.

त्यांच्यासाठी १८४६ साली उघडलेले दार मी माझ्या पटांगणात बंद करून बसलो होतो, याची मला लाज वाटली.

खेळ हा काही देवाने दिलेल्या वेळेचा अपव्यय नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्यासारख्या मोठ्या धर्मपंडितानेही योग्य प्रमाणातील खेळ व करमणूक यांना सद्गुणाचा भाग मानले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९च्या बालहक्क संहितेत, ३१व्या कलमात, मुलांचा खेळण्याचा हक्क लिहिलेला आहे आणि १९९२ साली आपल्या देशाने ती संहिता मान्य केलेली आहे. खेळात मूल हरायला शिकते. भांडण झाले की पंचाशिवाय मिटवायला शिकते. ज्याला चांगले खेळता येत नाही त्यालाही एका बाजूला घ्यायला शिकते. हे धडे धर्मशिक्षणाच्या तासाला मी फळ्यावर लिहून देऊ शकत नाही.

पण फक्त कुलूप काढून भागणार नाही. जखऱ्या संदेष्ट्याचे एक दर्शन मला या दिवसांत पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटले (जखऱ्या ८:४-५). इ.स.पूर्व ५२०च्या सुमाराची गोष्ट. लोक बाबेलच्या बंदिवासातून परतले होते, जेरुसलेम उद्ध्वस्त झालेले, माणसे थोडी. अशा वेळी देव त्यांना आश्वासन देतो. त्यात राजवाड्याची किंवा सैन्याची गोष्ट नाही. देव त्यांना दाखवतो की शहराच्या चौकांत हातात काठी घेतलेले म्हातारे आणि म्हाताऱ्या पुन्हा बसलेल्या आहेत आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून गेले आहेत.

मी आजवर यातली खेळणारी मुलेच पाहिली होती. काठी घेऊन बसलेले म्हातारे मला दिसले नव्हते. देवाने दोघांना एकाच चौकात आणून बसवले आहे. ज्या चौकात म्हातारी माणसे निवांत बसू शकतात, तिथेच मुले निर्धास्त खेळू शकतात. आपल्या धर्मग्रामात आज मुले एका खोलीत मोबाईलपुढे आहेत आणि आजी-आजोबा दुसऱ्या खोलीत टीव्हीपुढे. दोघेही एकटे.

म्हणून पॅरिश कौन्सिलच्या संमतीने आम्ही पुढील गोष्टी ठरवल्या आहेत. येत्या सोमवारपासून पटांगणाचे फाटक रोज संध्याकाळी पाच वाजता उघडेल आणि आंजेलसच्या घंटेला बंद होईल. त्या वेळात आत एकही गाडी लावली जाणार नाही; माझीसुद्धा नाही. ग्रोटोला जाळी बसवली आहे. खेळ रबरी चेंडूने होईल. अर्धे पटांगण मुलींच्या खेळासाठी राहील आणि ते मुलग्यांनी 'थोडा वेळ' म्हणून मागायचे नाही. मूल ख्रिस्ती आहे की नाही, मूळ गावचे आहे की नव्या इमारतीत भाड्याने राहणारे आहे, बांधकामावर काम करणाऱ्याचे आहे का, असे फाटकावर कोणी विचारणार नाही. बांधावर उभे राहून बघणारे मूल आता असू नये.

चिंचेखाली चार बाक ठेवले आहेत. तिथे रोज किमान दोन मोठी माणसे बसलेली हवीत. एकटा माणूस नव्हे. दोघे, आणि सर्वांच्या नजरेसमोर. मुलाला काही खटकले तर ते कोणाला सांगायचे, त्या एका बहिणीचे व एका बंधूचे नाव सूचनाफलकावर लावले आहे. ज्येष्ठ नागरिकांना माझी विनंती आहे की आठवड्यातील एक संध्याकाळ आम्हाला द्या. तुम्हाला धावायचे नाही. बसायचे आहे, बघायचे आहे आणि मुलांची नावे शिकायची आहेत. वाटल्यास भोवऱ्याला दोरी कशी गुंडाळायची, तेही शिकवा. आयांना आणि वडिलांना विनंती आहे की शेजाऱ्याने आपल्या मुलाला रागे भरले तर लगेच भांडायला जाऊ नका. आधी ऐकून घ्या.

पहिल्या आठवड्यात फार मुले येणार नाहीत, हे मला माहीत आहे. जी येतील ती कदाचित कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसतील. काच पुन्हा फुटेल. जपमाळेच्या वेळी आवाज होईल. तेव्हा मला भेटायला या. पण 'फाटक बंद करा' असे सांगायला येऊ नका. एखादा बाक आणून द्यायला या.

शुभवर्तमानात तीन दिवसांनी येशू मंदिरात सापडतो. मरिया त्याला आपले दुःख बोलून दाखवते आणि तो तिला म्हणतो की पित्याच्या घरात असणे मला भाग आहे. एका अर्थी हरवलेले मूल मंदिरातच सापडले, मोठ्यांच्या घोळक्यात बसून ऐकताना, विचारताना. ते पंडित त्या मुलाला 'घरी जा' म्हणाले नाहीत. त्यांनी त्याला आपल्यात बसू दिले. मग तो आईवडिलांबरोबर नाझरेथला गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला आणि देवाच्या व माणसांच्या प्रीतीत वाढत गेला, असे संत लूक म्हणतो. माणसांच्या प्रीतीत वाढायचे तर मुलाला माणसांत जायला मिळाले पाहिजे. एवढ्या मोठ्या धास्तीनंतरही मरिया आणि योसेफ यांनी ते होऊ दिले.

आपले हरवलेले मूल शोधत कोणी या चर्चपर्यंत आले, तर ते आपल्या पटांगणात सापडावे, एवढेच मागणे आहे.

प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू, तू नाझरेथच्या अंगणात लहानाचा मोठा झालास. आमच्या मुलांना मोकळी जागा आणि चांगले सोबती दे. ज्या मुलांना आम्ही आमच्या खेळात कधी घेतले नाही आणि ज्यांना आम्ही फाटकावरून परत पाठवले, त्यांची आम्ही तुझ्याजवळ क्षमा मागतो. आमच्या वृद्धांना मुलांची सोबत लाभू दे. आमच्या आईवडिलांची भीती दूर कर आणि त्यांचा विश्वास खरा ठरेल असे शेजारी आम्हाला बनव. पवित्र मरिये आणि संत योसेफा, आमच्या कुटुंबांसाठी विनंती करा. आमेन.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू